काटा नाचतोय की आकडे अडलेत? जुन्या गाडीच्या केबलवाल्या स्पीडोमीटरची दुरुस्ती

ठाणे-नवी मुंबईत जुनी पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, महिंद्राची जीप किंवा सुरुवातीच्या वर्षांतली मारुती ८०० हौसेनं सांभाळणारे बरेच आहेत. या गाड्या रविवारी सकाळी तासभर बाहेर पडतात आणि बाकी आठवडा कव्हरखाली झोपून असतात. स्पीडोमीटरला नेमकं हेच मानवत नाही. चार महिन्यांचा पावसाळा, खाडीवरून येणारी खारट दमट हवा आणि त्यात हालचाल नाही. केबलमधलं ग्रीस मेणासारखं घट्ट होतं, तारेवर गंज चढतो, मीटरच्या आतल्या जस्ताच्या ओतीव भागांवर पांढरी भुकटी धरते. मग एके दिवशी गाडी ऐरोलीच्या पुलावर चढते आणि काटा तीस-पन्नास-तीस असा नाचायला लागतो.

काटा मीटरमध्ये दिसतो म्हणून लोक आधी मीटरच उघडतात. तिथेच घोळ होतो. बिघाड बहुतेक वेळा केबलमध्ये किंवा तिच्या खालच्या टोकाला असतो. मीटर हा या साखळीतला सगळ्यात नाजूक भाग, आणि एकदा वेडावाकडा उघडला की तो पुन्हा पहिल्यासारखा बसत नाही. म्हणून आधी लक्षण नीट पाहायचं, मग केबल, मग गिअरबॉक्सकडचं टोक, आणि या सगळ्यांत दोष सापडला नाही तरच मीटरला हात लावायचा.

आत काय चालतं

गिअरबॉक्सच्या आउटपुट शाफ्टवर एक गरारी असते. तिला लागून छोटं पिनियन, म्हणजे लहान दातेरी चाक, फिरतं. जीपमध्ये हे ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीवर) सापडेल, मारुती ८०० मध्ये पुढच्या इंजिनाला जोडलेल्या गिअरबॉक्सवर. पिनियनच्या मधोमध चौकोनी भोक किंवा खाच असते आणि त्यात केबलची आतली तार बसते. ही तार म्हणजे पोलादी वेढ्यांवर वेढे देऊन केलेला लवचीक शाफ्ट. बाहेरची नळी जागच्या जागी राहते, आतली तार फिरते.

तारेचं वरचं टोक मीटरमधलं चुंबक फिरवतं. चुंबकाभोवती अ‍ॅल्युमिनियमची एक हलकी वाटी असते, आणि ती चुंबकाला कुठेही टेकत नाही. फिरत्या चुंबकामुळे वाटीत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह तयार होतात आणि ते वाटीला फिरण्याच्या दिशेनं ओढतात. घड्याळात असते तशी बारीक हेअरस्प्रिंग वाटीला मागे खेचून धरते. वेग जितका जास्त तितकी ओढ जास्त, आणि वाटीच्या दांड्यावर बसवलेला काटा तितका पुढे. जर्मन अभियंता ओटो शुल्झ यानं १९०२ मध्ये पेटंट घेतलेली ही रचना पुढे जगभरच्या गाड्यांत जवळजवळ आहे तशीच राहिली.

किलोमीटरच्या आकड्यांचा चुंबकाच्या ओढीशी काही संबंध नाही. त्याच शाफ्टवर स्क्रूच्या आट्यांसारख्या कोरलेल्या वर्म गिअरवरून ते दात्यांनी थेट फिरतात. म्हणजे एकाच तारेवर दोन वेगळी कामं चालतात, आणि निदानाची किल्ली इथेच आहे.

आधी लक्षण वाचा

काटा आणि आकडे दोन्ही बंद असतील तर फिरणं मीटरपर्यंत पोचतच नाही. तार तुटली असेल, टोक निसटलं असेल किंवा पिनियनचे दाते गेले असतील. आकडे चालतात पण काटा पडून आहे, तर केबल ठणठणीत आहे. काटा दांड्यावर सैल झाला असेल किंवा हेअरस्प्रिंग अडकली असेल. काटा चालतो आणि आकडे अडलेत, तर मीटरमधल्या आकड्यांच्या गरारीचा दाता तुटलाय किंवा गरारी आपल्या दांड्यावर घसरतेय.

दोन्ही चालतात पण चुकीचं दाखवतात, तेव्हा थोडं थांबून विचार करा. वेग आणि अंतर दोन्ही सारख्याच प्रमाणात चुकत असतील, समजा दोन्ही आठ टक्क्यांनी जास्त, तर दोष टायरच्या मापात, पिनियनच्या दात्यांत किंवा कधीतरी बदललेल्या डिफरन्शियलमध्ये (चाकांच्या आसावरच्या गरारीच्या पेटीत) आहे. अंतर बरोबर आणि वेग चुकीचा असेल तर दोष मीटरच्या आत. त्यातही पाहा: ३० ला पाच जास्त आणि ६० लाही पाचच जास्त, तर काटा चुकीच्या जागी बसवलाय. ३० ला तीन आणि ६० ला सहा, अशी चूक वेगाबरोबर वाढत असेल तर हेअरस्प्रिंग किंवा चुंबक. चुंबक अशक्त झालं की मीटर कमी दाखवतो, स्प्रिंग ढिली पडली की जास्त.

कमी वेगात काटा थरथरतो आणि वेग वाढला की शांत होतो, हे केबलचंच दुखणं. तार कुठेतरी अडते, पीळ साठवते आणि एकदम सोडते. सुकलेलं ग्रीस, तारेला कुठे पडलेली कडी (पक्की मोड) किंवा नळीचा तीव्र बाक, यांतलं काहीतरी एक नक्की सापडेल.

सकाळी गाडी निघताना डॅशबोर्डमागून ‘चिर्रर्र’ आवाज येत असेल तर तो केबलचा की मीटरचा हे पाच मिनिटांत कळतं. केबल मीटरपासून सोडवा, टोक पेडलपासून लांब कापडात बांधून ठेवा आणि सोसायटीच्या आवारात एक हळू चक्कर मारा. आवाज तसाच असेल तर केबल, गेला तर मीटरचं खालचं बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची बाही) कोरडं आहे. या आवाजाकडे काणाडोळा करू नका. बुश जाम झालं की तार तरी तुटते, नाहीतर खालच्या नायलॉनच्या पिनियनचे दाते तरी सोलून निघतात.

काटा झटक्यात शेवटच्या आकड्यावर जाऊन चिकटला, तर गाडी पुढे न चालवता केबल सोडवा. एक तर मीटरमध्ये तेल शिरून वाटी आणि चुंबक एकमेकांना चिकटलेत, नाहीतर तार लांबीला जास्त असल्यानं चुंबकाला वर ढकलतेय.

केबल बाहेर काढणं

सगळ्यात आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. जुन्या गाड्यांच्या डॅशबोर्डमागे कापडी वेष्टणाच्या, तडकलेल्या वायरी उघड्या असतात. त्यांत पक्कड घालून चाचपडणं म्हणजे आग ओढवून घेणं. मीटरच्या मागे खाचा पाडलेला गोल नट असतो. तो हातानंच सुटला पाहिजे. नसेल सुटत तर पक्कडीच्या जबड्यात कापडाची घडी घालून हलकेच फिरवा. मीटरचा मागचा गळा ओतीव जस्ताचा असतो आणि जोर लावला की तुकडा पडतो.

नट सुटला की आतली तार चिमट्यात धरून वर ओढा. अखंड तार खालच्या चौकोनी टोकासह पूर्ण बाहेर येते. अर्धीच आली तर तुटलीय. उरलेला तुकडा खालून, गिअरबॉक्सकडचा नट काढून ओढावा लागेल. काही गाड्यांत तारेवर खालच्या बाजूला अडकवणारी चकती असते, तिथे तार वरून निघतच नाही. जोर न लावता सरळ खालूनच काढा.

गाडीखाली जाणार असाल तर नुसत्या जॅकवर भरवसा नको. स्टँड लावा, दोन चाकांना लाकडी ठोकळे द्या. खालचा नट काढताना थोडं गिअर ऑइल गळतं, खाली ट्रे ठेवा.

आता तार वर्तमानपत्रावर पसरून नीट पाहा. टोकांचे चौकोन कडेनं धारदार हवेत. गोलसर झाले असतील तर ते पिनियनमध्ये घसरतात आणि काटा मधूनच शून्यावर पडतो. मग तार सरळ काचेच्या टेबलावर ठेवून तळव्याखाली लाटा, पोळी लाटावी तशी. जिथे कडी पडलीय तिथे ती टेबलावरून उसळी घेईल. दुसरी खूण: तारेचा इंग्रजी यू आकार करून दोन्ही टोकं दोन हातांत धरा आणि एक टोक सावकाश फिरवा. चांगल्या तारेचं दुसरं टोक त्याच गतीनं फिरतं. कडी असलेली तार थोडा वेळ थांबते आणि मग टुणकन उडी मारते. डॅशबोर्डवर काटा मारतो तीच ही उडी, फक्त आता हातात दिसते. अशी तार सरळ करण्यात वेळ घालवू नका, बदला.

तार चांगली असेल तर रॉकेलमध्ये तासभर भिजवून सुती चिंधीनं पुसा. बाहेरच्या नळीत वरून रॉकेल ओता, खालून काळं पाणी निघून स्वच्छ येईपर्यंत. नळी एक दिवस टांगून ठेवा. पावसाळ्यात हे काम करत असाल तर दोन दिवस, नाहीतर ओल आतच राहते आणि सगळी मेहनत फुकट जाते.

ग्रीसच्या बाबतीत हात आखडता घ्यायचा. पातळ लिथियम ग्रीस किंवा ग्रॅफाइट ग्रीस बोटांच्या चिमटीत घ्या आणि तार त्यातून ओढा. वेढ्यांच्या फटी भरल्या पाहिजेत, वर थर दिसता कामा नये. वरचे १५ ते २० सेंटिमीटर पूर्ण कोरडे ठेवा. तारेचे वेढे फिरताना स्क्रूसारखे काम करतात आणि वंगण हळूहळू वर चढवतात. जास्तीचं ग्रीस दोन महिन्यांत मीटरमध्ये पोचतं. याच कारणासाठी केबलमध्ये इंजिन ऑइल सोडायचं नाही आणि डब्ल्यूडी-४० फवारायचं नाही. ‘वरून दोन थेंब सोडा, चालू होईल’ हा गल्लोगल्लीचा सल्ला आहे. चालू होतंही, पण काही आठवड्यांत तबकडीवर तेलाचा डाग उमटतो.

नवी केबल घेताना

जुनी केबल बरोबर घेऊन जा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचं सामान मिळतं. या सीएसटीचा स्टेशनशी संबंध नाही. ते सेंट्रल साल्सेट ट्रामवेचं नाव आहे. दुकानदार ‘पद्मिनीचीच आहे’ म्हणाला तरी चार गोष्टी व्हर्नियरनं मोजा: नळीची लांबी, नटाचे आटे, चौकोनी टोकाची जाडी आणि खालच्या टोकाचा आकार. काही गाड्यांत ते टोक चौकोनी नसून चपट्या जिभेसारखं असतं.

तारेची लांबी सगळ्यात महत्त्वाची. खालचं टोक पिनियनमध्ये पूर्ण बसलेलं असताना वरच्या टोकाची तार नळीच्या तोंडाबाहेर साधारण १० मिलिमीटर दिसली पाहिजे, आणि बोटानं दाबल्यावर एखाद-दोन मिलिमीटर वरखाली हलली पाहिजे. ही ढिलाई नसेल तर तार मीटरच्या शाफ्टला सतत वर रेटत राहील. उलट तार आखूड असेल तर वळणावर टोक निसटेल.

नळी बसवताना कुठेही १५ सेंटिमीटरपेक्षा कमी त्रिज्येचा बाक नको, आणि मीटरच्या तोंडाशी शेवटचे पाच सेंटिमीटर अगदी सरळ. सायलेन्सरच्या पाइपपासून लांब न्या, तिथे ग्रीस भाजून निघतं. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकातलं रबरी ग्रोमेट, म्हणजे कडेची रिंग, बहुतेक जुन्या गाड्यांतून केव्हाच गळून पडलेलं असतं. ते नवं घाला, नाहीतर पत्र्याची कड नळी कापते आणि पहिल्याच पावसात पाणी आत जातं.

गिअरबॉक्सकडचं टोक

काढलेली तार तेलानं निथळत असेल आणि त्या तेलाला गिअर ऑइलचा गंधकासारखा वास येत असेल, तर पिनियनचं सील गेलंय. नुसती केबल धुऊन काही होणार नाही. पिनियनची बैठक सहसा एका बोल्टनं किंवा छोट्या पट्टीनं धरलेली असते. ती काढली की पिनियन बाहेर येतं. दाते नखानं तपासा. नायलॉनचे दाते एका बाजूनं झिजून करवतीसारखे होतात. धातूच्या पिनियनवर ओरखडे चालतील, तुटका दाता चालणार नाही. ओ-रिंग किंवा सील तेलाला टिकणाऱ्या नायट्राइल रबराचंच घ्या. साधं रबर गिअर ऑइलमध्ये फुगतं. बसवून झालं की गिअरबॉक्सचं तेल लेव्हल प्लगपर्यंत भरा.

फेरे मोजणं

केबल आणि पिनियन ठीक आहेत, तरी वेग आणि अंतर दोन्ही चुकतात, तेव्हा ही चाचणी करा. खर्च शून्य, लागतात फक्त तीन माणसं. केबलचं वरचं टोक मोकळं ठेवून तारेवर पुठ्ठ्याचा छोटा बाण खोवा. टायरमध्ये नेहमीची हवा, गाडी न्यूट्रलमध्ये. वागळे इस्टेटमधला एखादा आतला सपाट रस्ता रविवारी रिकामा असतो; तिथे खडूनं बरोबर ४० मीटर आखा. एक जण आत बसून स्टिअरिंग सांभाळेल आणि बाणाचे फेरे मोजेल, दोघं ढकलतील. पाव फेऱ्यापर्यंत मोजा आणि आलेल्या संख्येला २५ नं गुणा. हे झाले दर किलोमीटरचे फेरे. ४० मीटरांत पाव फेरा चुकला तर चूक साधारण एक टक्क्याची. १० मीटरांत तीच चार टक्क्यांवर जाते, म्हणून अंतर लांब घ्यायचं.

मीटरला किती फेरे हवेत हे बहुधा तबकडीच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं असतं. मैलांच्या ब्रिटिश स्मिथ्स मीटरवर १००० असेल तर दर मैलाला १००० फेरे, म्हणजे किलोमीटरला सुमारे ६२१. जर्मन मीटरवर डब्ल्यू अक्षरापुढचा आकडा दर मीटरचे फेरे सांगतो, ०.७५ म्हणजे किलोमीटरला ७५०. जपानी गाड्यांच्या मीटरचं प्रमाण किलोमीटरला ६३७.

समजा मीटर ६२१ चा आणि तुमचे फेरे २५ आले. २५ गुणिले २५ म्हणजे ६२५, छान जुळतं. २७ आले तर ६७५. मीटर जवळजवळ नऊ टक्के जास्त दाखवणार. अशा वेळी संशय टायरवर घ्या. अ‍ॅम्बेसेडरच्या मूळच्या ५.९०-१५ टायरच्या जागी मिळेल ते रेडियल घातलेलं असतं. टायरवर खडूची खूण करून, आत माणूस बसवून, एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते ते टेपनं मोजा. टायरचा घेर तीन टक्के लहान असेल तर वेग आणि अंतर तीन टक्के जास्त दिसेल. याचा इलाज वेगळ्या दात्यांचं पिनियन किंवा योग्य मापाचं टायर. यासाठी मीटरची स्प्रिंग पिळणारे मिस्त्री आहेत. त्यानं काटा जुळतो, पण आकडे खोटेच राहतात.

मीटर उघडावाच लागला तर

काढण्याआधी किलोमीटरच्या आकड्यांचा फोटो काढून ठेवा आणि काम झाल्यावर तोच आकडा असल्याची खात्री करा. गाडी विकताना हाच फोटो उपयोगी पडतो.

मीटर टेबलावर बसवून ड्रिलनं फिरवता येतो. जुन्या तारेचं चांगलं चौकोनी टोक असलेला दहा सेंटिमीटरचा तुकडा कापा आणि वेग बदलता येणाऱ्या ड्रिलमध्ये धरा. ६० च्या वेगानं गाडी मिनिटाला बरोबर एक किलोमीटर कापते, म्हणून किलोमीटरच्या तबकडीच्या ६२१ च्या मीटरला मिनिटाला ६२१ फेरे दिले की काटा ६० वर यायला हवा. ३० ला सुमारे ३११, ८० ला ८२८. फेरे मोजायला चकाकत्या पट्टीवर चालणारा लेझर टॅकोमीटर पुरतो. काटा हलण्याऐवजी शून्याच्या खुंटीवर दाबला जात असेल तर दिशा उलटी आहे, ड्रिल उलटं फिरवा.

आत जायचं तर काचेभोवतीची दुमडलेली धातूची कड बारीक चपट्या पेचकसानं उचला. एका जागी पूर्ण न उचलता गोल फिरत, दर वेळी केसभर. तबकडीला बोट लावू नका, थिनर तर अजिबात नको. छापील आकडे एका पुसण्यात जातात. १९६० पूर्वीच्या मीटरवर चमकणारे हिरवट-पिवळे आकडे असतील तर त्यांत रेडियम असू शकतं. ते खरवडू नका, त्याची धूळ श्वासात जाऊ देऊ नका.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि तीच हमखास विसरली जाते. काटा शून्याच्या खुंटीला टेकलेला असतो, पण स्प्रिंगला त्याहूनही मागे जायचं असतं. काटा हळूच उचलून खुंटीवरून पलीकडे जाऊ द्या आणि मोकळा सोडा. तो डुलत डुलत जिथे स्थिरावेल, तिथे तबकडीच्या कडेला कागदी चिकटपट्टीवर पेन्सिलीनं रेघ मारा. हीच काट्याची खरी शून्याची जागा. पुढे काटा बसवताना तो मोकळेपणी या रेघेवर ठेवून दाबायचा आणि मग खुंटीवरून पुढे आणायचा. ही रेघ नसेल तर नंतर अंदाजानंच बसवावा लागेल.

काटा काढायला दोन चहाचे चमचे समोरासमोर, खाली पोस्टकार्डाचा तुकडा, आणि दोन्हीकडून सारखा जोर. तो सरळ वर निघाला पाहिजे. एका बाजूनं उचकटला तर दांडा वाकतो, आणि वाकलेला दांडा घरी सरळ होत नाही.

वाटी आणि चुंबक यांच्यातली फट स्वच्छ हवी. चुंबकाला लोखंडाचा बारीक कीस चिकटलेला असतो. तो फुंकून जात नाही, चिकटपट्टीचा तुकडा काडीला गुंडाळून टिपून घ्या. तेलकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीनं पुसा. खालच्या बुशला घड्याळाच्या तेलाचा एक थेंब, तिथे फेल्टची वात असेल तर दोन. काट्याच्या दांड्याला आणि हेअरस्प्रिंगला तेल नाही, कोरडंच. काम करताना जवळ दुसरं चुंबक किंवा ट्रान्सफॉर्मरवाली सोल्डरिंग गन नको. मीटरचं चुंबक अशक्त होतं आणि ते पुन्हा भारायला खास यंत्र लागतं. ते काम मीटरवाल्याकडेच द्या.

अडलेल्या आकड्यांमागे बहुतेकदा दांड्यावर सैल झालेली गरारी असते. दांडा अल्कोहोलनं स्वच्छ करून, त्यावर पक्कडीनं बारीक खरखरीत खुणा पाडून, धातूच्या फिटिंगसाठीचं रिटेनिंग कंपाउंड टाचणीच्या टोकानं लावा आणि रात्रभर सुकू द्या. ते शेजारच्या गरारीवर ओघळलं तर सगळंच जाम होईल.

रस्त्यावर

पामबीच मार्गावर वाशीकडून बेलापूरकडे पहाटे गर्दी नसते आणि सरळ पट्टेही मिळतात. वेगमर्यादा आणि कॅमेरे तिथेही आहेत. शेजारी बसलेल्याच्या हातात मोबाइलचं जीपीएस द्या. ३०, ४०, ५० आणि मर्यादेत बसत असेल तर ६० वर प्रत्येकी १५-२० सेकंद वेग स्थिर ठेवा. जीपीएस मागून येतं, म्हणून वेग बदलतानाचे आकडे टिपून उपयोग नाही. काटा थोडा जास्त दाखवत असेल तर चालेल, कमी दाखवता कामा नये. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या ११७ व्या नियमानं चालू स्थितीतला स्पीडोमीटर बंधनकारक केलाय, त्यामुळे जुन्या एमएच-०४ किंवा एमएच-४३ गाडीचं फिटनेस करायच्या आधीच हे उरकलेलं बरं.

परत आल्यावर मीटरमागचा नट पुन्हा एकदा हातानं तपासा. नव्या केबलचा नट पहिल्या ५० किलोमीटरांत थोडा ढिला होतोच.